सामान्य प्रेक्षकाचे मत आणि त्याचे प्रामाण्य

चित्रपट किंवा मालिका पाहून उठलेला मनुष्य 'छान होते', 'शेवट पटला नाही', 'पोलीस असे वागत नसतात' असे जे बोलतो, ते ज्ञान मानावे की केवळ मनाचा उद्गार, हा प्रश्न वरवर पाहता सौंदर्यशास्त्राचा वाटला, तरी मुळात तो प्रमाणशास्त्राचा, म्हणजे एखादे ज्ञान यथार्थ आहे हे कशावरून ठरते याचा विचार करणाऱ्या शास्त्राचा आहे. समीक्षेचे शिक्षण न घेतलेला, सवड मिळेल तेव्हा पाहणारा आणि पाहिलेल्याविषयी मत दिल्यावाचून न राहणारा, असा सामान्य प्रेक्षक येथे अभिप्रेत आहे. या प्रश्नाच्या विचाराला दिल्ली हे स्थळ विशेष सोयीचे आहे. कारण भारतातील दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी तेथे झाला, आणि प्रेक्षकाच्या मताला किती वजन द्यावे याविषयीचे महत्त्वाचे निवाडेही तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिले.

त्या आरंभकाळात घरोघरी संच नव्हते. युनेस्कोच्या साहाय्याने 'टेलिक्लब' नावाची प्रेक्षकमंडळे स्थापन झाली होती आणि कार्यक्रम एकत्र पाहून नंतर त्यावर चर्चा करावी, अशी त्यांची पद्धत होती. पुढे २६ जानेवारी १९६७ रोजी 'कृषिदर्शन' सुरू झाले, ते दिल्लीभोवतीच्या ८० खेड्यांतील सामुदायिक संचांसाठी. पडद्यावरचा तज्ज्ञ गव्हाला पाणी केव्हा द्यावे हे सांगत असता समोर बसलेल्या शेतकऱ्याने मान हलवून नकार दिला, तर त्या दोघांत प्रमाण कोण, हे पदवीवरून ठरत नाही. भारतीय दर्शनांनी या प्रकारच्या पेचाचा बारकाईने विचार केला आहे.

मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. दुसऱ्या ज्ञानाने ते बाधित होईपर्यंत, म्हणजे खोटे ठरेपर्यंत, त्याला बाहेरच्या पुराव्याची गरज नसते. याला स्वतःप्रामाण्यवाद म्हणतात. नैयायिक याच्या उलट परतःप्रामाण्य मानतात: ज्ञानाचे खरेपण त्या ज्ञानाबाहेरच्या कारणाने, मुख्यतः त्यावर विसंबून केलेली कृती सफळ झाल्याने, सिद्ध होते. सामान्य प्रेक्षक स्वभावतः मीमांसक असतो. 'चित्रपट रटाळ आहे' या त्याच्या ज्ञानाला कोणी आधार मागितला, तर त्याला तो मागणाऱ्याचा उद्धटपणा वाटतो, आणि त्यात त्याचे सर्वस्वी चुकतेही असे नाही. कारण कंटाळा आल्याचे ज्ञान कोणत्याही समीक्षकाला बाधित करता येत नाही. अडचण येते ती 'मला कंटाळा आला' या वाक्यावरून 'चित्रपट कंटाळवाणा आहे' या वाक्यावर होणाऱ्या उडीत, कारण पहिले वाक्य बोलणाऱ्याविषयी असते आणि दुसरे कृतीविषयी.

ही उडी केव्हा रास्त ठरते, याचे उत्तर न्यायदर्शनातील शब्दप्रमाणाच्या चर्चेत सापडते. ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा असा माणूस म्हणजे आप्त, आणि वात्स्यायनाच्या न्यायभाष्यानुसार आप्त तो, ज्याला सांगावयाच्या वस्तूचा साक्षात्कार झाला आहे आणि जो ती पाहिली तशी सांगू इच्छितो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू आहे, असे भाष्यकार आवर्जून नोंदवतो. अधिकार जन्माने किंवा प्रतिष्ठेने येत नाही, विषयाच्या प्रत्यक्ष परिचयाने येतो, हे भाष्यकाराचे म्हणणे सामान्य प्रेक्षकाच्या कैवाऱ्यांनी आजवर पुरेसे वापरलेले दिसत नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रात हेच तत्त्व रंगभूमीच्या व्यवहारात उतरलेले आढळते. प्रयोगांच्या स्पर्धेत वाद उपस्थित झाल्यास निवाडा करणाऱ्यांना तेथे प्राश्निक म्हटले आहे. त्यांत यज्ञ जाणणारा, व्याकरण जाणणारा आणि छंद जाणणारा यांच्याबरोबर धनुर्धारी, चित्रकार, वेश्या आणि राजसेवकही आहेत, आणि प्रत्येकाने आपल्या माहितीच्या भागापुरतेच बोलावे अशी व्यवस्था आहे. बाण सोडण्याचा पवित्रा धनुर्धाऱ्याने तपासावा, शृंगाराचे उपचार वेश्येने. आदर्श प्रेक्षकाचे सर्व गुण एकाच माणसात सापडत नाहीत, हेही भरत मोकळेपणाने मान्य करतो, आणि तरुणांना शृंगार, शूरांना युद्ध, वृद्धांना धर्मकथा आवडते, हे तो दोष म्हणून नव्हे, वस्तुस्थिती म्हणून सांगतो. दिबाकर बॅनर्जींचा 'खोसला का घोसला' (२००६) हा चित्रपट पाहून, दिल्लीच्या वेशीवर घेतलेल्या भूखंडासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवलेला निवृत्त कर्मचारी जेव्हा 'दलाल अगदी असेच बोलतात' असे म्हणतो, तेव्हा तो भरताच्या अर्थाने प्राश्निक असतो आणि वात्स्यायनाच्या अर्थाने आप्त. चित्रपटाच्या संकलनाविषयी त्याने तितक्याच ठामपणे बोलू लागावे, तर तो यांपैकी काहीही उरत नाही.

मात्र जीवनाच्या परिचयाने मिळणारा हा अधिकार दुधारी आहे. दिल्लीजवळच्या गुडगावात चित्रित झालेली आणि मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली 'हम लोग' ही मालिका ७ जुलै १९८४ पासून प्रक्षेपित झाली. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार प्रेक्षकांशी बोलत आणि प्रेक्षक पत्रांतून पात्रांच्या वागण्यावर मते कळवीत. निमूटपणे सोसणारी भागवंती ही आई निर्मात्यांनी टाळावयाच्या वर्तनाचा नमुना म्हणून रंगवली होती. पण पुष्कळ प्रेक्षकांनी, त्यात स्त्रियांनीही, तिलाच आदर्श मानले, असे अभ्यासकांना आढळले. येथे प्रेक्षकाला विषयाचा परिचय कमी नव्हता. उलट तो इतका होता की त्याने कृतीचा रोख गिळून टाकला.

अभिनवगुप्ताने रसास्वादाची जी सात विघ्ने सांगितली आहेत, त्यांपैकी दोन नेमकी याच जागी येतात: दाखवलेले सुखदुःख 'माझे' किंवा 'अमक्याचे' असे विशिष्ट माणसाशी जखडणे, आणि स्वतःच्या सुखदुःखाने विवश होऊन बसणे. रसास्वादासाठी भावनांचे साधारणीकरण, म्हणजे त्या कोणा एकाच्या न राहता सर्वांच्या होणे, आवश्यक असते. न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे साहित्य संमेलनात वाचकाच्या आनंदाला 'सविकल्प समाधी' म्हटले, ते या संदर्भात अधिक उपयोगी आहे; परकाया प्रवेश करूनही स्वतःचे भान न सुटणे, असा त्याचा आशय. भागवंतीशी एकरूप झालेल्या प्रेक्षकाची समाधी लागली होती, विकल्प मात्र हरवला होता. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त कलेला जीवनाशी जोडणारा लौकिकतावादी आणि तिला जीवनाहून स्वतंत्र मानणारा अलौकिकतावादी असे दोन ध्रुव मांडले आणि कलाविचाराला दोन्हींपैकी एकही सोडता येत नाही असे दाखवले, त्याची साक्ष या मालिकेच्या प्रेक्षकांइतकी स्पष्टपणे क्वचितच मिळेल.

यापेक्षा अवघड प्रकार म्हणजे स्वतःविषयी नव्हे, तर दुसऱ्या प्रेक्षकांविषयी दिलेले मत. नाट्यशास्त्रातील कथेनुसार देवांच्या विजयाचा प्रयोग पाहून दैत्य संतापले आणि त्यांनी तो बंद पाडला. तेव्हा ब्रह्मदेवाने त्यांना, नाट्य हे एकट्या देवांचे किंवा दैत्यांचे नसून तिन्ही लोकांचे अनुकीर्तन आहे, असे समजावले. ते दैत्य निदान स्वतःच्या दुखावण्याविषयी बोलत होते. आधुनिक तक्रारदार बहुधा 'इतरांची मने भडकतील' असे म्हणतो, आणि त्या इतरांचा साक्षात्कार त्याला झालेला नसतो. १९७० मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांची पूर्वतपासणी वैध ठरवली, ती चित्रपट अन्य कलांहून भावना अधिक ढवळतो या आधारावर. दिल्लीत अध्यापन केलेल्या भीष्म साहनींच्या कादंबरीवरची गोविंद निहलानी यांची 'तमस' ही मालिका १९८८ मध्ये न्यायालयात गेली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ती स्वतः पाहिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणास मुभा देताना व्हिव्हियन बोस यांनी १९४६ मध्ये नागपूर उच्च न्यायालयात घालून दिलेली कसोटी स्वीकारली: परिणाम मोजावा तो समंजस, खंबीर माणसाच्या मनावरून, चंचल आणि दुर्बळ मनावरून नव्हे. पुढच्याच वर्षी त्याच न्यायालयात, एका चित्रपटाविषयीच्या रंगराजन प्रकरणात, अतिसंवेदनशील प्रेक्षक बाजूला ठेवून सर्वसाधारण विवेकाचा मनुष्य मानदंड ठरवण्यात आला. हा खंबीर मनुष्यही सहृदयाप्रमाणेच, म्हणजे रसशास्त्रातील आदर्श रसिकाप्रमाणेच, कल्पित आहे, हे खरे; तरी तक्रारदाराच्या मनातील भडकणाऱ्या जमावापेक्षा त्याची कल्पना अधिक प्रामाणिक आहे, कारण तो प्रेक्षकाला आधीच दोषी धरत नाही.

रामानंद सागर यांच्या 'रामायणा'ने (१९८७–८८) मात्र हे सर्व हिशेब गुंतागुंतीचे केले. रविवारी सकाळी आंघोळ करून, संचाला हार घालून बसणाऱ्या कुटुंबांसाठी ते पाहणे नव्हते, दर्शन होते, आणि दर्शनाविषयी 'आवडले' किंवा 'नावडले' असे मत संभवत नाही. मम्मटाने देवविषयक रतीला, म्हणजे प्रेमाला, रसाचे पद न देता केवळ भाव म्हटले, तर रूप गोस्वामींनी भक्तीलाच रस मानले. हा वाद विद्वत्सभांतून निघून त्या काळी दिवाणखान्यांत आला होता, एवढेच. गंमत अशी की, पडद्यावरील रामाला हात जोडणाराच पुढच्या मिनिटाला 'हे युद्ध किती लांबवले आहे' असे कुरकुरू शकत होता, आणि २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत मालिका पुन्हा दाखवली गेली तेव्हा हवेत एकमेकांवर आदळणाऱ्या बाणांना हसूही शकत होता. त्याच्या भक्तीचा विषय राम होता आणि तक्रारीचा विषय पटकथा व छायांकन, आणि या दोन्हींची गल्लत त्याने स्वतः कधी केली नव्हती.