वजन आणि टंच

पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा अभ्यास आणि मॅरेथॉनचा सराव एकाच वर्षात करणाऱ्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो: दोन्हींचा तोल कसा साधता? मी वेळापत्रक सांगून मोकळी होते. पण हा प्रश्न वेळेचा नसून हक्काचा आहे, असं मला दिवसेंदिवस वाटू लागलं आहे.

आमचं घर चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधल्या सौकारपेठेत. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली, त्यांतलेच आम्ही. जुनं सोनं वितळवायचं, त्यातली चांदी नि तांबं ॲसिडमध्ये विरघळवून सोनं वेगळं काढायचं, हे आबांचं काम. त्यामुळे तोल हा शब्द आमच्या घरी रोजचा. पण काट्यावर फक्त वजन कळतं. किंमत ठरते ती टंचावर, म्हणजे त्या वजनात निखळ सोनं किती आहे यावर.

तासांचंही तसंच आहे. रविवारी तीस किलोमीटर धावून आल्यावर दुपारी चार तास पुस्तक उघडं ठेवलं, तर वहीत चार तास लिहिले जातात. त्यांचा टंच दोन तासांचाही नसतो. मॅरेथॉनचे 42.195 किलोमीटर आणि नीट-पीजीचे साडेतीन तासांतले 200 प्रश्न, दोन्ही शेवटच्या आठवड्यात उरकता येत नाहीत, एवढं त्यांच्यात साम्य आहे. पण शर्यतीत कुणी माझ्या पुढे गेलं, म्हणून माझं अंतर कमी होत नाही. परीक्षेत जागा मोजक्या असतात आणि पुढे गेलेला प्रत्येक जण माझा क्रमांक खाली ढकलतो. शिवाय इथे शेवटची रेषाच सरकू शकते. 2024 साली 23 जूनची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली गेली, ती झाली 11 ऑगस्टला.

मग धावायचं कशाला? तयार उत्तर असं, की धावण्यानं मन ताजं राहतं, अभ्यास चांगला होतो. हे खोटं नाही, पण या उत्तरात धावणं अभ्यासाचं गडी होऊन जातं. तेवढ्यासाठी रोज अर्धा तास चालणंही पुरेल. तीस किलोमीटर कुणालाच लागत नाहीत. खरं कारण साधं आहे. मला धावायला आवडतं आणि त्याचा कुणाला काही उपयोग नाही. ज्याच्या डोक्यावर दुसऱ्यांचं देणं आहे, त्याला अशा निरुपयोगी गोष्टीचा हक्क आहे का?

रॉजर बॅनिस्टरचं उदाहरण नेहमी दिलं जातं. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलचा हा विद्यार्थी दुपारच्या सुट्टीत सराव करायचा. 6 मे 1954 रोजी सकाळी तो रुग्णालयात गेला आणि संध्याकाळी ऑक्सफर्डला 3 मिनिटं 59.4 सेकंदांत मैल धावला. तो असा वेळ चार मिनिटांच्या आत आणणारा पहिलाच माणूस. गोष्ट बहुधा इथेच थांबवतात. मला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो: त्याच वर्षी त्यानं शर्यती सोडल्या आणि आयुष्य मेंदूविकारांच्या वैद्यकाला दिलं. त्यानं दोन पारडी समान ठेवली नव्हती. आधी काय आणि नंतर काय, एवढं त्याला नक्की ठाऊक होतं. मला हवा तो शब्द तोल नव्हे, क्रम.

हा क्रम ठरवायचा कसा? मी एवढंच विचारते, की नुकसान कुणाच्या पदरात पडतं. शनिवारी रात्री मी एका छोट्या रुग्णालयात ड्युटी करते. त्या दिवशी मी धावत नाही. रात्री तीन वाजता छातीत दुखतं म्हणून आलेल्या माणसानं माझ्या थकव्याला संमती दिलेली नसते. परीक्षेचं गणित याहून अवघड. वरवर पाहता एक वर्ष वाया गेलं तर ते माझं. पण माझं एक वर्ष म्हणजे आबांचं ॲसिडच्या धुरात आणखी एक वर्ष. पहाटे साडेचारला मी पळत निघते, तेव्हा जॉर्ज टाउनच्या गल्ल्यांतून रात्रभर पोती वाहिलेले हमाल हातगाड्यांवर नुकतेच आडवे झालेले असतात. त्यांचंही शरीर झिजतं, माझंही. पण माझ्या झिजण्याचे पैसे दुसरं कुणीतरी भरतं.

म्हणून सोडून द्यावं, असं मी आबांना एकदा म्हटलं. भट्टीवरची नजर न काढता ते म्हणाले, “सोड की. पर माझं नाव सांगून सोडू नगंस. मी काय तुला नुसती फेडायला शिकवली व्हय?”

त्यांचं म्हणणं मला पटलं, पण त्यामुळे देणं माफ झालं नाही. मी हिशेब असा मांडला आहे: परीक्षेच्या आधीचे चार महिने लांब धावणं बंद, तारीख सरकली तर बंदीही सरकेल. जानेवारीतल्या चेन्नई मॅरेथॉनला वेळ वाईट लागला तर ते नुकसान पूर्णपणे माझं, आणि ते सोसण्याचा हक्क मला आहे. बाकीच्या पहाटे मी धावेन, आणि कुणी विचारलं तर अभ्यासासाठी धावते असं सांगणार नाही.