कुंपणाचा डळमळता खांब

परसातील कुंपणाचा लाकडी खांब हलू लागला म्हणजे गृहस्थ बहुधा त्यास दोरीने शेजारच्या खांबाशी जखडून ठेवतो. काही दिवसांनी दोन्ही खांब कलतात आणि गुरे आत शिरतात. दोष वर दिसतो. त्याचे मूळ मात्र जमिनीच्या पातळीशी असते. खोल मातीत हवा कमी, वरचा भाग उन्हाने सुकतो. जेथे ओल व हवा एकत्र येतात तेथेच लाकूड कुजते. मनाचेही तसेच आहे. जेथे त्याचा विषयांशी संबंध येतो तेथेच निश्चय पोखरला जातो.

जाणता मनुष्य प्रथम माती उकरून लाकूड पाहतो. बुंधा कुजला असल्यास तेवढा भाग काढतो किंवा खांबच बदलतो. लांबीचा सुमारे एक तृतीयांश भाग जमिनीत जाईल असा खड्डा घेऊन, ओळंबा लावून, खडी व माती थराथराने ठोकतो. शेवटी बुंध्याभोवती मातीचा उतार करतो, म्हणजे पाणी साचत नाही.

गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी चंचल मनासाठी अभ्यास व वैराग्य असे दोन उपाय सांगितले आहेत. कुजलेले काढणे हे वैराग्य. थर ठोकणे हा अभ्यास. केवळ पहिले केले तर खड्डा रिकामा राहतो, केवळ दुसरे केले तर कुजक्या लाकडाभोवतीच माती दाटते. म्हणून ज्याचा नित्यनेम वारंवार मोडतो, त्याने नव्या शपथेची दोरी बांधू नये. नेम कोठे मोडतो ती जागा शोधावी, तेथील आसक्ती काढावी आणि मग रोज एक थर, न चुकता, ठोकावा.