कमरेचा दोर



दारू सोडून दोन वर्षे झालेले एक गृहस्थ मध्यंतरी भेटले. ते आपल्या धर्मग्रामातले नाहीत आणि त्यांच्या परवानगीनेच हे लिहितो आहे. मी कौतुक केले तेव्हा ते म्हणाले, “फादर, यात माझे काय? रोज संध्याकाळी व्यसनमुक्तीच्या सभेला जातो, पगार बायकोच्या हाती देतो, म्हणून टिकलो. स्वतःच्या बळावर टिकलो असतो तर खरे!”

आधाराने टिकलेला चांगुलपणा आपला नसतो का? मला लगेच उत्तर सुचले नाही. पुढे ‘स्लॅकलाईन’ या खेळाचा इतिहास वाचताना ते सापडले.

दोन आधारांमध्ये नायलॉनचा चपटा पट्टा बांधून त्यावरून चालायचे, असा हा खेळ. सर्कशीतली तार ताठ असते. हा पट्टा मात्र पायाखाली झोके घेतो. खेळाचा उगम अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील योसेमिटी दरीत झाला. तेथे मुक्कामाला असलेले गिर्यारोहक फावल्या वेळात वाहनतळावरच्या साखळ्यांवरून, सैल दोरांवरून चालून बघत. १९८० च्या सुमारास अ‍ॅडम ग्रोसोव्स्की आणि जेफ एलिंग्टन या तरुणांनी त्यासाठी गिर्यारोहणातला चपटा पट्टा वापरला आणि खेळाला आजचे रूप येऊ लागले.

त्याच दरीत ‘लॉस्ट अ‍ॅरो स्पायर’ नावाचा सुळका आहे. मुख्य कडा आणि सुळका यांत सुमारे १७ मीटरचे अंतर. खाली दरीचा तळ सुमारे ८८० मीटरवर! १९८५ साली स्कॉट बाल्कम पट्ट्यावरून हे अंतर चालून गेला. त्याच्या कमरेला दोर होता. पुढे १९९० च्या दशकात डॅरिन कार्टर दोराविनाच तेथून चालला.

मग बाल्कमचे धैर्य कमी प्रतीचे ठरते का? दोर काय करतो ते पाहू. तो कडीने पट्ट्यात अडकवलेला असतो आणि माणसाबरोबर सरकतो. तोल गेला तर तो दरीत कोसळू देत नाही, एवढेच. पट्ट्यावर उभे करत नाही, पाऊल टाकत नाही. खाली लोंबकळणाऱ्याने स्वतःच वर चढायचे, पुन्हा उभे राहायचे. चालणे सर्वस्वी त्याचेच असते.

ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटल याने धैर्याची जागा भित्रेपणा आणि अविचारी धाडस यांच्या मध्ये दाखवली. म्हणजे नुसता धोका मोठा म्हणून धैर्य मोठे होत नाही.

येथे कोणी विचारील, तुरुंगातला कैदी चोरी करत नाही, म्हणून त्याला प्रामाणिक म्हणायचे का? नाही. त्याला दुसऱ्याने जखडलेले असते. आपली दुर्बलता ओळखून जो स्वतःच्या हाताने कमरेला दोर बांधतो, त्याची गोष्ट वेगळी. ती ओळख, ती गाठ हाही त्याच्या सद्‌गुणाचाच भाग आहे.

त्या गृहस्थांना आता भेटलो की सांगेन, “दोर तुम्हीच बांधलात, आणि रोजचे पाऊलही तुम्हीच टाकता.”

आपल्याही घरात कोणी असा दोर बांधत असेल. त्याला हसू नका. गाठ पक्की बसायला हातभार लावा.

आपला,
धर्मगुरू