गुळाच्या रंगाचा गुरुवार

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी इंद्रियांचं एक भांडण आहे. ज्ञानदेव म्हणतात, बोलाच्या गोडीपायी कानांनाच जिभा फुटतील. शब्द हा कानाचा विषय खरा, पण जीभ म्हणणार की हा रस आमचा. नाकाला तिथं परिमळ येणार आणि डोळ्यांना वाटणार की रूपाची खाणच उघडली. १२९० साली नेवाशात सांगितलेल्या या ओव्यांवर आजही कीर्तनकार तास तास निरूपण करतात आणि श्रोते माना डोलावतात. हे शब्दशः खरं असेल असं कुणाच्या मनात येत नाही. यायचं कारणही नाही. ज्ञानदेवांना मराठीची थोरवी सांगायची होती. पण शंभरातल्या चारेक माणसांच्या बाबतीत असलं काहीतरी रोज घडत असतं, तेही न बोलावता. एका इंद्रियाला हाक मारली की दुसरंही ओ देतं. याला सिनेस्थेशिया म्हणतात आणि मी त्या चारांतला एक आहे.

माझ्याकडचा प्रकार अगदी सर्रास आढळणारा. अक्षरं, आकडे आणि वार यांना रंग आहेत. क विटकरी, न फिकट निळा, म मेणासारखा पिवळट पांढरा. ४ शेवाळी, ७ हळदीचा. गुरुवार गुळाचा, नुसता तपकिरी म्हटलं तर ते खोटं होईल, ढेप फोडल्यावर आतल्या अंगाला जो ओलसर रंग दिसतो तो. आमच्या नायगावच्या पाटीतला 'न' काळ्या रंगात लिहिलेला असेल तर मला काळाच दिसतो. दृष्टीत काही बिघाड नाही. पण तो वाचताक्षणी फिकट निळेपणा सोबत येतो. तो पाटीवर नसतो, डोळ्यांपुढे तरंगतही नाही, आणि तरी असतो. काहींना मात्र रंग थेट कागदावर, अक्षराच्या अंगावर चढलेला दिसतो. संशोधक हे दोन गट वेगळे धरतात. त्या दुसऱ्या गटातल्यांचा मला थोडा हेवा वाटतो, पण परीक्षेचा पेपर वाचताना त्यांचं काय होत असेल, हेही मनात येतं.

लहानपणी हे सगळ्यांना असतं असंच वाटायचं. गुरुवारच्या रंगावरून मी घरात काहीतरी बोललो तेव्हा माय म्हणाली, "वाराला कुठं रंग राहतो का रे?" तिच्या आवाजात काळजीपेक्षा घाई जास्त होती, तव्यावर भाकर होती. तो विषय तिथंच संपला आणि पुढं कित्येक वर्षं मी तो काढला नाही. असं गप्प बसणं या अवस्थेत नेहमीचंच आहे. यात दुखत नाही, अडत नाही, म्हणून डॉक्टरकडे कुणी जात नाही. मानसिक आजारांच्या अधिकृत अमेरिकन यादीत, डीएसएम-५ मध्ये, याची नोंदच नाही. हे लहानपणापासून असेल तेव्हाचं झालं. डोक्याला मार लागल्यावर किंवा मोठेपणी अचानक असं काही सुरू झालं तर ती गोष्ट वेगळी. तिथं डॉक्टर गाठावा.

हे खरं कशावरून, असं कुणी विचारलं तर ते रास्तच आहे. कल्पनाशक्ती तेज असलेला कुणीही 'माझा सोमवार जांभळा' म्हणू शकतो. त्यावरची युक्ती साधी आहे. १९८७ साली सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी ती नीट वापरली: एका बाईंना पुष्कळ शब्दांचे रंग विचारले आणि बऱ्याच आठवड्यांनी, आगाऊ न सांगता, तीच यादी पुन्हा पुढं ठेवली. रचून सांगणारा माणूस दुसऱ्या वेळी घसरतो. त्या बाई घसरल्या नाहीत. पूर्वी समजूत अशी की हा प्रकार हजारोंत एखाद्याला, आणि तोही बहुतेक बायकांनाच. ज्युलिया सिम्नर यांच्या गटानं स्वतःहून पुढे आलेल्यांवर न विसंबता ब्रिटनमधल्या पाचशेच्या आसपास माणसांना तपासलं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात कोणता ना कोणता सिनेस्थेशिया ४.४ टक्क्यांना निघाला. वार रंगीत असणं त्यात सगळ्यांत जास्त, आणि बायका-पुरुषांचं प्रमाण जवळजवळ सारखं.

मेंदूत काय होतं यावर वाद आहे. चेन्नईत वैद्यक शिकलेले व्ही. एस. रामचंद्रन आणि त्यांचे विद्यार्थी एडवर्ड हबर्ड यांनी २००१ मध्ये मांडलं की अक्षर-आकडे ओळखणारा भाग आणि रंग ओळखणारा भाग मेंदूत शेजारी शेजारी आहेत आणि अशा माणसांत त्यांच्यातली ये-जा जास्त मोकळी राहिलेली असते. त्यांनी इंग्रजी ५ च्या गर्दीत काही २ असे लपवले की त्यांचा त्रिकोण व्हावा. सिनेस्थेशिया असलेल्यांना तो लवकर सापडला. पुढच्या प्रयोगांनी यातली हवा थोडी काढली: फायदा होतो, पण आकृती आपण होऊन डोळ्यांत उडी मारते असं नाही. मला विचाराल तर पुढचे लोक बरोबर आहेत. आधी आकडा ओळखावा लागतो, रंग त्याच्या मागून येतो. वर्तमानपत्राचं पान लांबून पाहिलं तर मलाही ते काळं-पांढरंच दिसतं.

आता थोडं मराठवाड्यात येऊ. ज्ञानेश्वरीच्या अर्धशतक आधी, देवगिरीला यादव राजा सिंघणाच्या पदरी काश्मिरी घराण्यातला एक माणूस हिशेबाचा कारभार पाहत होता. त्याचं नाव शार्ङ्गदेव. त्यानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात सात स्वरांना रंग दिले आहेत: षड्ज कमळाचा, ऋषभ पिंगट, गंधार सोन्याचा, मध्यम कुंदाच्या फुलाचा, पंचम काळा, धैवत पिवळा आणि निषाद बहुरंगी. हे वाचून मला पहिल्यांदा आनंद झाला होता. सातशे-आठशे वर्षांपूर्वी, आपल्याच मुलखात, आपल्यातला कुणीतरी!

पण तो आपल्यातला नव्हता. असे रंग 'नारदीय शिक्षे'त त्याच्या कितीतरी आधी आलेले आहेत. शिवाय शार्ङ्गदेव रंगावर थांबत नाही. प्रत्येक स्वराला तो द्वीप देतो, ऋषी देतो, देवता देतो, छंद देतो, इतकंच काय, जातही देतो: षड्ज, मध्यम, पंचम ब्राह्मण; ऋषभ, धैवत क्षत्रिय; गंधार, निषाद वैश्य. सुराच्या कपाळीही वर्ण आलाच. ही हिशेबनीसाची कोष्टकं आहेत. कोणताही रकाना रिकामा ठेवायचा नाही हा त्यांचा नियम. ज्याला खरोखर रंग येतात त्याचे रकाने रिकामे असतात. माझ्या 'ळ'ला रंग नाही, 'ढ'ला आहे की नाही ते वेळेवर ठरतं, बुधवार नुसता मळका आहे. आणि कुणी एक माणूस दुसऱ्याशी सहमत नसतो. इंग्रजी 'ए' बऱ्याच जणांना लाल दिसतो असे काही सामायिक कल सापडले आहेत, पण दोघांची अख्खी वर्णमाला जुळावी असं सहसा होत नाही. भरतानं नाट्यशास्त्रात शृंगाराला श्याम, हास्याला पांढरा, करुणाला पारव्याचा राखाडी रंग दिला, तो मंचावरच्या सगळ्यांनी मानायचा म्हणून. माझा गुरुवार मी कुणाला मानायला लावू शकत नाही आणि मला तो टाकताही येत नाही.

हा फरक दर नवरात्रात गमतीनं समोर येतो. वर्तमानपत्रांनी गेल्या काही वर्षांत रूढ केलेले नऊ रंग वारावरून ठरतात: सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, गुरुवारी पिवळा. त्या दिवशी बँकेत, तहसीलमध्ये, एसटीत जिकडं पाहावं तिकडं पिवळं. माझा गुरुवार त्या पिवळ्यात ढिम्म बसून असतो, गुळाचा. लाल मंगळवार मात्र माझ्याकडेही लाल आहे. तो मंगळाचा, की अंगारकीच्या शेंदराचा, की माझा स्वतःचा, हे मला सांगता येत नाही, आणि या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यांत जास्त रस आहे तो नेमका इथंच.

रंग येतात कुठून? घराण्यातून येतात, हे फ्रान्सिस गाल्टननं १८८० च्या दशकातच ओळखलं होतं. रशियन-अमेरिकन कादंबरीकार नाबोकोव्हनं लिहून ठेवलंय की वयाच्या सातव्या वर्षात तो ठोकळ्यांशी खेळत होता आणि ठोकळ्यांवरच्या अक्षरांचे रंग सगळे चुकलेत अशी त्यानं आईकडे तक्रार केली. आईचीही अक्षरं रंगीत होती. पण घराण्यातून येतो तो कल. कोणतं अक्षर कोणत्या रंगाचं, हे रक्तात असणं शक्य नाही, कारण अक्षरच मुळी शाळेत शिकलेलं. २०१३ साली नेथन विटहॉफ्ट आणि जोनाथन विनावर यांनी अमेरिकेतली अकरा माणसं शोधली. त्यांच्या वर्णमालेचे रंग एकमेकांशी चमत्कारिक जुळत होते. कारण निघालं फ्रीजवर चिकटवायची रंगीत लोहचुंबकी अक्षरं. लहानपणी घरात तो फिशर-प्राइसचा संच होता आणि कारखान्यानं निवडलेले रंग या माणसांच्या मेंदूत कायमचे बसले.

म्हणजे ज्याला मी माझं सगळ्यांत खासगी समजतो, तेच बाजारातून आलेलं असू शकतं. मला यात वाईट वाटत नाही. उलट गुरुवारबद्दलचा माझा तोरा जरा उतरतो, ते बरंच. माझी अंकलिपी मात्र स्वस्त कागदावरची, जवळजवळ काळी-पांढरी होती. त्यातून काही आलं असेल असं दिसत नाही. विटकरी 'क' कुठल्या भिंतीवर खडूनं लिहिलेला पाहिला होता का, कोण जाणे.

रंग शिकण्यातून येतात याचा दुसरा पुरावा आमच्याकडचा, लिपीचा. नायगाव नांदेड-हैदराबाद रस्त्यावर. नरसी ओलांडून बिलोली-देगलूरच्या पुढं गेलं की तेलंगण. तिकडच्या बसच्या पाट्या तेलुगूत. अक्षरं येत नव्हती तोवर त्या पाट्या मला नुसत्या वळणांच्या वाटायच्या, बिनरंगी. मग गरजेपुरती तेलुगू अक्षरं शिकलो आणि तेलुगू 'क' बघता बघता विटकरी झाला. आकार अगदी निराळा, पण आवाज तोच. या गोष्टीची प्रयोगातही नोंद आहे: २००९ मध्ये अलेक्झांड्रा म्रोच्को आणि सहकाऱ्यांनी सिनेस्थेशिया असलेल्यांना ग्लागोलिटिक ही जुनी स्लाव लिपी शिकवली. दहा मिनिटं गिरवल्यावर ओळखीच्या अक्षरांचे रंग नव्या आकारांवर जाऊ लागले. आजोबांच्या जमिनीचे कागद मात्र मला न येणाऱ्या उर्दूत आहेत. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाचा होता आणि कचेरीची भाषा उर्दू. ते कागद मी पुष्कळदा उघडून पाहिलेत. त्यांत एकही रंग नाही. ज्यांना ते वाचता येत होतं त्यांच्यात कुणाला रंग दिसत होते का, हे विचारायला आता घरात कुणी नाही.

आकड्यांत मराठीनं स्वतःची एक गाठ मारून ठेवली आहे. २१ लिहिताना दोन आधी, म्हणताना एक आधी. पाहिला तर माझ्याकडे २ चा रंग पुढं, ऐकला तर १ चा. इंग्रजी बोलणाऱ्याला वीसच्या पुढं ही कटकट नाही. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' आणलं तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला, विधानसभेपर्यंत गेला. मी मनातल्या मनात बालभारतीच्या बाजूनं होतो. कारण भाषाशुद्धीचं नव्हतं, शिक्षणशास्त्राचंही नव्हतं. माझे रंग एका ओळीत आले असते, इतकंच. एवढं कारण घेऊन वादात उतरायची सोय नव्हती.

उपयोग काय, हा प्रश्न हमखास येतो. फोन नंबर पाठ राहतात, कारण रंगांची रांग चुकली की कळतं. नावं मात्र घोटाळतात: ज्यांच्या पहिल्या अक्षरांचा रंग जवळचा, त्यांची अदलाबदल होते, आणि लग्नाच्या मांडवात ती महागात पडते. याहून जास्त काही नाही. सिनेस्थेशिया म्हणजे प्रतिभेची देणगी, अशी जी हवा आहे ती मला पटत नाही. भौतिकशास्त्रज्ञ फाइनमनला समीकरणातली अक्षरं रंगीत दिसायची, पण त्याला समीकरणं त्यामुळं सुटली नाहीत. आणि रशियातला शेरेशेव्स्की! अलेक्झांडर लुरियानं त्याच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याच्यासाठी आवाजांना रंग, चव, स्पर्श सगळंच होतं आणि स्मरणशक्ती अफाट. पण साधा उतारा वाचताना प्रत्येक शब्दाचं चित्र मध्ये येऊन अर्थ हातचा जायचा आणि विसरणं ही त्याला शिकावी लागलेली विद्या होती. ज्ञानदेवांच्या त्या ओव्यांत इंद्रियं भांडतात आणि बोल एकटाच त्या सगळ्यांची समजूत काढतो. शेरेशेव्स्कीच्या डोक्यात समजूत काढणारा कुणी नव्हता.

जिल्हा परिषदेच्या शाळांत हल्ली 'बोलक्या भिंती' असतात. व्हरांड्यात, वर्गात, कधी पायऱ्यांवरही मुळाक्षरं, पाढे, वार रंगवलेले. रंग पेंटर ठरवतो, म्हणजे बहुधा उघडा असलेला डबा ठरवतो. सिम्नर यांनी लहान मुलांवर केलेल्या कामातून दिसतं की सहा-सात वर्षांच्या वयात अक्षरांचे रंग पक्के व्हायला लागतात, एकेक करून, वर्षावर्षानं. पहिली-दुसरीचंच हे वय. पटावर पन्नास मुलं असतील तर सरासरीनं दोघांना कोणता ना कोणता सिनेस्थेशिया असू शकतो. गुरुजींनी किंवा बाईंनी एखाद्या दुपारी सहज विचारावं, सोमवार कोणत्या रंगाचा रे? बहुतेक पोरं हसतील, काही शेजाऱ्याचं उत्तर देतील. एखादं लेकरू हा काय प्रश्न झाला अशा तोऱ्यात लगेच सांगेल. त्याचं उत्तर वहीत तारीख घालून लिहावं, सहा महिन्यांनी परत विचारावं, आणि व्हरांड्यातला सोमवार पेंटरनं कोणत्या रंगात काढलाय तेही शेजारी टिपून ठेवावं.