दुखतंय किती?

थंडीच्या दिवसांत सिकलसेलचं दुखणं उचल खातं. दादरा-नगर हवेलीतल्या वारली, धोडिया, कोकणा घरांना हे वेगळं सांगावं लागत नाही. रात्री पोर नीट जेवून झोपतं आणि पहाटे पाय पोटाशी घेऊन कण्हायला लागतं. मग खानवेल, दुधनी, मांदोनीहून मिळेल ती गाडी धरायची आणि सिल्वासाचं विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल गाठायचं. तलासरीकडची माणसंही इकडे येतात. त्यांना पालघरपेक्षा हेच जवळ.

खाटेवर सलाईन चालू असतं, आणि चादर सरकली की एखाद्या गुडघ्याभोवती काळा पट्टा दिसतो. वेल्क्रोचा, आत रुपयाएवढ्या चकत्या शिवलेला. चाचपून पाहिलं तर एकेक चकती बोटाला लागते. चुंबकाचा पट्टा. कुणी बाजारातून आणलेला, कुणाच्या भाच्याने मोबाइलवरून मागवलेला. डॉक्टर राउंडला आले की आजी त्यावर हळूच चादर ओढते.

चुंबक रक्तातलं लोह ओढतं, त्याने रक्त खेळतं आणि दुखणं थांबतं, असं या पट्ट्यांबद्दल सांगितलं जातं. ऐकायला अगदी पटतं. पण रक्तातलं लोह म्हणजे खिळ्यातलं लोखंड नव्हे. हिमोग्लोबिनच्या रेणूत ते एकेक अणू असं बांधलेलं असतं. तसं नसतं तर एमआरआयच्या बोगद्यात शिरणाऱ्याचं काही खरं नव्हतं! तिथलं चुंबक साधारण १५ हजार गॉसचं असतं, पट्ट्यातली चकती त्यापुढे किस झाड की पत्ती. तरीही अर्धा तास त्यात पडून आलेला माणूस कमरेवर हात ठेवूनच बाहेर येतो.

गंमत अशी की रक्ताचं आणि चुंबकाचं नातं खरोखरच आहे, आणि ते थेट सिकलसेलपर्यंत पोहोचतं. १९३६ साली लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कॉरिएल या रसायनशास्त्रज्ञांनी हिमोग्लोबिनचे चुंबकीय गुण मोजले. प्राणवायू घेतलेलं हिमोग्लोबिन चुंबकापासून किंचित दूर सरतं, प्राणवायू सोडलेलं किंचित जवळ येतं. ही ओढ इतकी सूक्ष्म की ती कळायला प्रयोगशाळेतला नाजूक तराजू लागतो. याच पॉलिंगनी १९४९ मध्ये सहकाऱ्यांसह दाखवून दिलं की सिकलसेलचा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पुढे माकिओ मुरायामा या शास्त्रज्ञाने १९६५ साली कोयत्यासारख्या वाकलेल्या पेशी चुंबकाच्या क्षेत्रात ठेवून पाहिल्या. पेशी वळल्या, क्षेत्राला आडव्या झाल्या. पण वाकलेल्या होत्या त्या वाकलेल्याच राहिल्या. प्राणवायू सोडल्यावर पेशीच्या आत हिमोग्लोबिनचे लांब धागे जुळतात, त्यांनी पेशी ताठरते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि हाडाला ठणका लागतो. ते धागे चुंबकाला दाद देत नाहीत.

दुखणाऱ्या माणसांना चुंबक लावून पाहण्याचे प्रयोगही झाले आहेत. १९९७ साली ह्यूस्टनमध्ये, पोलिओनंतर दुखणं मागे राहिलेल्या ५० जणांवरच्या प्रयोगात चांगला फरक दिसला आणि आशा वाढली. पण पुढे ती टिकली नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग तर इस्पितळातलाच होता. शस्त्रक्रिया झालेले १६५ रुग्ण, जखमेवर दोन तास खरं किंवा खोटं चुंबक. दुखणंही कमी झालं नाही आणि मॉर्फिनही कमी लागलं नाही. मला मात्र २००२ मधला एक लहानसा प्रयोग जास्त बोलका वाटतो. मनगटातली नस दबून दुखणाऱ्या ३० जणांना ४५ मिनिटं चकती बांधली, त्यातल्या काहींची चकती चुंबकाची नव्हतीच. दोन्हीकडे दुखणं उतरलं, आणि दोन आठवड्यांनीही ते उतरलेलंच होतं.

म्हणजे आराम खोटा नव्हता. तो चुंबकाच्या खात्यावर मांडला गेला, एवढंच.

सिकलसेलचा ठणका बाहेरून दिसत नाही. पुष्कळदा सूज नसते, एक्स-रे साफ येतो. शाळेत वाटतं पोर टाळाटाळ करतंय, आणि कुठल्याही गावच्या दवाखान्यात कुणीतरी बोलून जातं, ‘नाटक करतो.’ दुखतंय किती, शून्य ते दहा सांग, असं विचारायची रीत आहे. पण वारली बोलणारं पोर, गुजराती बोलणारी सिस्टर आणि हिंदीतले डॉक्टर यांच्यामध्ये तो आकडा कुठेतरी सांडतो. आजी आकडा विचारत नाही. पट्टा बांधते, सैल झाला का पाहते, पुन्हा नीट करते आणि बोटं तिथेच ठेवते. दुखतंय हे तिने मानलेलं असतं.

म्हणून तो पट्टा हिसकावून घ्यावा या मताचा मी नाही. पेसमेकर बसवलेल्याच्या छातीजवळ तो नको, एमआरआयच्या खोलीत मुळीच नको आणि रक्त अडेल इतका आवळून तर सिकलसेलमध्ये नकोच. बाकी असू दे. माझा राग आहे तो पट्ट्याच्या भरवशावर घरी काढलेल्या रात्रींवर. या दुखण्याला पाणी लागतं, ऊब लागते, वेळेवर वेदनाशामक लागतं. दुखणं वारंवार उठू नये म्हणून डॉक्टर हायड्रॉक्सियुरिया देतात. जोराच्या ठणक्याला मॉर्फिन लागतं. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर ते देशभरातल्या दवाखान्यांत दुर्मीळ झालं. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्याची कटकट कमी केली, तरी देताना हात अजून आखडतो. एका बाजूला मॉर्फिन असावं, दुसऱ्या बाजूला आजीची बोटं. मध्ये चुंबक असलं काय नि नसलं काय!

१ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू आहे, तपासणीनंतर कार्ड मिळतं. ज्या घरात ते कार्ड आहे, तिथे आज पोर शाळेला निघताना स्वेटर चढवा, पाण्याची बाटली भरून द्या आणि मधल्या सुट्टीपर्यंत ती संपवायला सांगा. ताप, छातीत दुखणं किंवा धाप असेल तर उद्यावर ढकलू नका. दवाखान्यात गेलात की केसपेपर काढतानाच, कुणी विचारायच्या आधी सांगून टाका: सिकलसेल आहे, दुखणं किती वाजता उठलं, घरी कोणती गोळी दिली.