नीरवतेचे मोल

बिनतारी हेडफोनसाठी तीस-पस्तीस हजार रुपये मोजणे योग्य आहे काय, हा प्रश्न साहित्यविषयक पत्रिकेत अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. तो दुकानदाराला विचारावा, फार तर घरातील तरुण मंडळींना. तथापि ज्या नगरात ख्यालगायकीचे पहिले घराणे नावारूपास आले, जेथे आपल्या पणजोबांच्या पिढीने लष्करातील दिवाणखान्यांत रात्र रात्र बसून गाणे ऐकले, त्या नगरातील मराठी घरांत हा प्रश्न निव्वळ खरेदीचा राहत नाही. पुण्या-बंगळूरला नोकरीस असलेली मुले दिवाळीला घरी येतात ती कानांवर ह्या काळ्या वाट्या चढवूनच. आणि परतताना कधी एखादी जोडी वडिलांसाठी ठेवून जातात. वडील किंमत विचारतात, मुलगा अर्धी सांगतो. ह्या अर्ध्या सांगितलेल्या किमतीत जो संकोच आहे, त्याचाच थोडा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम व्यवहार पाहू. सोनी कंपनीचा ह्या जातीतील एक प्रसिद्ध हेडफोन २०२२ साली भारतात आला तेव्हा त्याची छापील किंमत ३४,९९० रुपये होती. ॲपलचा डिसेंबर २०२० मध्ये आला तो ५९,९०० रुपयांना. आता ह्या रकमेत गाणे किती चांगले ऐकू येते? २०१७ साली अमेरिकेतील एका ध्वनिशास्त्रीय नियतकालिकात २८३ हेडफोनांच्या मोजमापाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खालच्या सुरांपासून वरच्या सुरांपर्यंत कोणता हेडफोन किती प्रमाणात आवाज देतो, हे त्यात तपासले होते. निष्कर्ष असा की, ह्या गुणाचा आणि बाजारातील किमतीचा काहीही संबंध आढळला नाही. बसण्यातील सुखदपणा, बांधणी, सांध्यांचा टिकाऊपणा ह्या गोष्टी वेगळ्या आणि त्यांना मोल आहेच. पण आवाजाचा समतोल पैशाच्या प्रमाणात वाढत नाही, एवढे निश्चित.

त्यात आणखी एक मौज आहे. काही महागड्या हेडफोनांच्या वेष्टणावर चाळीस हजार हर्ट्झपर्यंतच्या कंपनांची ग्वाही छापलेली असते. तरुण, निरोगी मनुष्याच्या कानाची मर्यादा वीस हजारांपाशी संपते, आणि साठीनंतर त्यातलाही वरचा मोठा पट्टा हातचा गेलेला असतो. म्हणजे आपल्यासारख्यांना जी वस्तू विकली जाते तिचा अर्धाअधिक पल्ला आपल्या कानाला कळण्यासारखाच नाही. तो फार तर वटवाघळांच्या उपयोगी पडावा. शिवाय बिनतारी मार्गाने गाणे धाडताना ते बहुधा आकुंचित करून धाडावे लागते, आणि आतली बॅटरी काही वर्षांत क्षीण होते. पस्तीस हजारांची वस्तू चार वर्षे टिकली तर वर्षाला पावणेनऊ हजार रुपये पडले. उलट तारेचा चांगला हेडफोन पंधरा-वीस वर्षे सुखाने चालतो. केवळ ख्याल ऐकणे हाच हेतू असेल, तंबोऱ्याची जवारी नीट ऐकू यावी एवढीच इच्छा असेल, तर शांत खोली आणि तारेचा हेडफोन ह्यांनी ती बरीच कमी पैशांत पुरी होते.

पण ‘शांत खोली’ हे शब्द लिहिताना लेखणी अडखळते. ग्वाल्हेरात, आणि आज कोणत्याही गावात, ती आणायची कोठून? हेडफोनच्या किमतीचा खरा उलगडा येथे होतो. ह्या यंत्रात अतिरिक्त पैसे पडतात ते प्रामुख्याने गाण्यासाठी नव्हे, नीरवतेसाठी. बंगालमधून अमेरिकेत गेलेल्या एका स्वातंत्र्यसैनिकाचे पुत्र अमर बोस १९७८ साली झुरिकहून विमानाने परतत असताना, कानांवरच्या यंत्रातील संगीत इंजिनाच्या घरघरीत बुडून जाते हे त्यांना जाणवले, आणि त्या प्रवासातच त्यांनी उपायाची गणिते मांडली. बाहेरचा आवाज छोट्या ध्वनिग्राहकाने टिपावा आणि त्याच्या नेमका उलट तरंग कानापाशी निर्माण करावा, म्हणजे दोन्ही एकमेकांना गिळतात, अशी ती कल्पना. १९८९ मध्ये वैमानिकांसाठी तसा हेडफोन बाजारात आला. सामान्यांना मिळण्यास आणखी काही वर्षे गेली. पंखा, कूलर, आगगाडी, जनरेटर अशा एकसुरी, खालच्या आवाजांवर ही युक्ती उत्तम चालते. मनुष्याची हाक किंवा मोटारीचा भोंगा तीतून बराचसा पार होतो.

तेव्हा प्रश्न बदलला. पस्तीस हजारांत नीरवता मिळत असेल तर ती महाग का? माझे उत्तर असे की, एकट्या माणसापुरते पाहिले तर नाही. ज्याला दोन खोल्यांच्या घरात परीक्षेचा अभ्यास करावयाचा आहे, ज्याला आठवड्याला रात्रभराचा आगगाडीचा प्रवास घडतो, ज्याचे डोके आवाजाने दुखते, त्याने हे पैसे खुशाल खर्चावेत, आणि किंमत अर्धी सांगू नये. ह्याहून कमी उपयोगाच्या वस्तूंवर, लग्नातील रोषणाईवर, आपण ह्याहून अधिक उधळतो.

नैतिक पेच आहे तो समाजापुरता. शांतता ही एके काळी हवेसारखी सर्वांची होती. निदान रात्रीची तरी. आजही कायद्याने ती सर्वांचीच आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. मध्य प्रदेश शासनाने डिसेंबर २०२३ मध्ये त्याविषयी पुन्हा कडक आदेशही काढला. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हणून गौरविले होते. लग्नसराईत मध्यरात्री डीजेच्या दणक्याने खिडकीची तावदाने थरथरू लागली की ह्या गौरवाची आठवण येतेच. अशा वेळी ज्याच्याजवळ पैसे आहेत तो कानांवर वाट्या चढवून मोकळा होतो. जो पोलीस चौकीला दूरध्वनी करू शकला असता, मोहल्ल्याच्या बैठकीत दोन शब्द बोलू शकला असता, तो सुशिक्षित मनुष्य तक्रारदारांच्या रांगेतून निघून जातो. मागे उरतात ते ज्यांना हेडफोन परवडत नाही ते, आणि पाळण्यातली मुले व अंथरुणाला खिळलेली माणसे. पिण्याच्या पाण्याचे असेच झाले. प्रत्येक घरात शुद्धीकरणाचे यंत्र बसले आणि नळाच्या पाण्याविषयी ओरड करणारे कमी झाले. हेडफोनच्या छापील किमतीत हा भाग धरलेला नसतो. तो इतर कोणी तरी भरतो.

ऐकण्याला जुन्या काळीही किंमत होती, पण ती निराळ्या नाण्याने दिली जाई. हद्दूखाँ आणि हस्सूखाँ ह्या बंधूंची आख्यायिका आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. बडे मुहम्मदखाँ यांची तानांची विद्या ते कोणाला देईनात, तेव्हा शिंदे दरबारात ह्या दोघांना पडद्याआड बसवून ती ऐकविण्याची योजना झाली, असे सांगतात. आख्यायिकेचा तपशील इतिहास म्हणून घेऊ नये. पण तिच्यातील ऐकणे विचार करण्याजोगे आहे. पुन्हा वाजविण्याची सोय नाही, खोकण्याची मुभा नाही, जे निसटले ते गेले. एवढ्या एका अटीने कान किती तल्लख झाले असतील! पुढे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून हीच गायकी घेऊन महाराष्ट्रात गेले, ती वर्षानुवर्षांच्या गुरुसेवेनंतर. आज त्या परंपरेतील गायकांची शेकडो ध्वनिमुद्रणे खिशात मावतात आणि विलंबित ख्यालाची पहिली दोन आवर्तने होण्याआधीच बोट पुढच्या गाण्याकडे वळते. अवधान हा गुण हेडफोनबरोबर पेटीत घालून देत नाहीत. तो नसेल तर साठ हजारांचे यंत्रही कुचकामी. तो असेल तर खिडकीतल्या रेडिओवरही माणसाने मालकंस ऐकला आहे.

दुसरे एक उदाहरण माझ्या मनात ह्या संदर्भात वारंवार येते. ते आपल्याच माळव्यातले, देवासचे. कुमार गंधर्व १९४८ च्या सुमारास क्षयाने आजारी होऊन तेथे राहावयास आले. गाणे बंद, बोलणेही बेताचे, वर्षानुवर्षे अंथरूण. त्या सक्तीच्या मौनात बायकांची लोकगीते, वाटेने जाणाऱ्या भिक्षेकऱ्यांची भजने त्यांच्या कानांवर पडत राहिली, आणि त्यांच्या पुढच्या गायनाचे एक मोठे दालन त्यातून उघडले. रुग्णाला शांतता हवी, म्हणून त्या काळी कोणी त्यांच्या कानांवर हे यंत्र बसविले असते तर? बाहेरचा सगळा आवाज हा गोंगाट आहे असे यंत्राने परस्पर ठरवून टाकले असते. आपण काय ऐकणार आहोत हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच नीरवता सोयीची; ज्याला अद्याप काही सापडावयाचे आहे त्याने खिडकी थोडी उघडी ठेवणे बरे.

घरातील गोष्ट ह्याहून नाजूक आहे. सोनीचा पहिला वॉकमन १९७९ मध्ये निघाला तेव्हा त्याला हेडफोन जोडण्याची छिद्रे दोन होती, आणि संगीत हळू करून एकमेकांशी बोलण्याचे एक बटणही होते. एकट्याने ऐकत बसणे हे सोबतच्या माणसाचा उपमर्द करण्यासारखे आहे, अशी भीती कंपनीच्या अध्यक्षांना वाटली होती. लोक तर एकेकटेच ऐकू लागले, आणि पुढच्या यंत्रांतून दुसरे छिद्र गेले. आपल्याकडे दिवाणखान्यात एक ग्रामोफोन असे आणि स्वयंपाकघरातल्या आजीलाही कृष्णराव पंडितांचा टप्पा पाठ होई, कारण तो तिच्या कानांवर पडण्यावाचून इलाज नव्हता. तानसेन समारोहात हजिऱ्याला आजही ढोलीबुवांच्या परंपरेतील हरिकथा आणि मीलाद एकाच मांडवाखाली, एकाच हवेतून सर्वांच्या कानांवर जातात; ज्याला त्यातले एकच हवे त्यालाही दुसरे ऐकावे लागते. नातवाला आज आवडणारे गाणे कोणते, हे मात्र आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

शेवटी एक हिशेब, जो बहुतेक घरांत मांडला जात नाही. आजोबांना ऐकू कमी येऊ लागले की श्रवणयंत्राचा विषय निघतो आणि ‘एवढे पैसे ह्या वयात कशाला’ म्हणून ते स्वतःच तो बाजूला सारतात. साध्या डिजिटल श्रवणयंत्रांच्या किमती ह्याच दहा ते चाळीस हजारांच्या पट्ट्यात असतात. त्याच घरात त्याच वर्षी हेडफोन येतो, आणि त्यासाठी कोणाची संमती लागत नाही. दोन्ही वस्तू कानाच्याच. पंगतीत बसून हसणाऱ्यांकडे पाहत नुसते हसणारा म्हातारा माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्या वाट्याला आलेली नीरवता त्याने विकत घेतलेली नसते. ज्या घरात हा विषय दोन वर्षे रेंगाळला आहे तेथे पस्तीस हजारांचा हेडफोन महाग आहे, मग त्याचा आवाज कितीही गोड असो. आणि ह्या दोन वस्तूंमधील भिंतही आता पातळ होत चालली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एका बिनतारी कर्णयंत्राला, सौम्य ते मध्यम श्रवणदोष असलेल्या प्रौढांसाठी, श्रवणयंत्र म्हणून वापरण्याची अनुमती दिली. तेव्हा यंदा दिवाळीला मुलगा विचारील की बाबा, तुमच्यासाठी कोणता आणू, तर उत्तर देण्यापूर्वी एकदा कानांची तपासणी करून घ्यावी. ग्वाल्हेरात ती अर्ध्या तासात होते.