दोन होले आणि मायणीचे पाहुणे



२ फेब्रुवारीला आपण प्रभूच्या समर्पणाचा सण साजरा करतो. हाच दिवस जागतिक पाणथळ दिन म्हणूनही पाळला जातो. १९७१ साली याच तारखेला इराणमधील रामसर येथे पाणथळ जागांच्या रक्षणाचा करार झाला. तारखा योगायोगाने जुळल्या असतील. पण त्या दिवशीचे शुभवर्तमान (लूक २:२२-४०) वाचताना आपण जरा थांबतो.

मरिया व योसेफ बाळ येशूला मंदिरात घेऊन गेले. अर्पणाला कोकरू परवडत नसेल त्याने दोन होले किंवा पारव्याची दोन पिले आणावीत, अशी नियमशास्त्राची सवलत होती (लेवीय १२:८). या पवित्र कुटुंबाने गरिबाचेच अर्पण केले. पुढे प्रभू येशूने आपल्याला आकाशातील पाखरांकडे पाहायला सांगितले (मत्तय ६:२६). पाखरेच उरली नाहीत, तर आपल्या मुलांनी हा धडा कोणाकडून घ्यायचा?

शेजारच्या सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातील मायणीचा तलाव हिवाळी पाहुण्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे रोहित पक्षी येतात. आपली वाकडी चोच उथळ पाण्यात उलटी बुडवून ते बारीक जीव गाळून खातात. पाणी आटले तर त्यांची उपासमार, फार खोल झाले तरी तीच गत. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंबही महाराष्ट्रातील तलावांवर हिवाळा काढतात. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर तर २०२० साली राज्यातील पहिले रामसर स्थळ ठरले.

यिर्मया संदेष्टा म्हणतो, की आकाशातल्या पाखरांना आपली येण्याजाण्याची वेळ कळते, पण देवाच्या प्रजेला देवाचा नियम कळत नाही (यिर्मया ८:७). हे बोल आपल्यालाही लागू पडतात. एकीकडे दुष्काळी भागात तलावाच्या थेंबावर पाखरे जगतात; दुसरीकडे आपल्या वाळवा-मिरज भागात उसाला पाणी देता देता कितीतरी जमीन क्षारपड झाली. पाणी देवाचे दान आहे, पण हावरेपणाने घेतलेले दानही बाधते.

“या पाखरांचा उपयोग काय?” असा प्रश्न विचारला जातो. संत थॉमस अक्विनास यांची शिकवण अशी, की देवाचे चांगुलपण कोणा एकाच निर्मितीत मावत नाही, म्हणून त्याने नाना प्रकारचे जीव निर्माण केले. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हेच बजावले, की प्रत्येक जीवाला देवापुढे स्वतःचे मोल आहे. ते आपल्या उपयोगावर ठरत नाही.

तेव्हा या हिवाळ्यात मुलाबाळांसह तलावावर जरूर जाऊ या. गाणी वाजवायची नाहीत, कचरा टाकायचा नाही, पाखरे उडवून फोटो काढायचे नाहीत. वृद्ध शिमोनासारखे शांतपणे वाट पाहायला शिकू या. वाट पाहणाऱ्यालाच दर्शन घडते. आणि घरी परतल्यावर आपल्या पाटाचे, नळाचे पाणी गरजेपुरतेच घेऊ या. हेच आपले दोन होले समजून प्रभूच्या वेदीवर ठेवू या.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.